चौदा क्लायंट आणि एकच आयडी: जाहिरात खाती बंद पडू नयेत म्हणून काय करायचं?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. सांगलीत तिघांची एजन्सी आहे, चौदा क्लायंट आहेत. सगळ्यांची ॲड अकाउंट्स तुमच्या एकाच फेसबुक आयडीवरून, एजन्सीच्या नावाखाली उघडलेली आहेत आणि पैसे तुमच्याच क्रेडिट कार्डावरून जातात. एका आयुर्वेदिक क्लिनिकचं खातं मेटाने (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीने) बंद केलं आणि पाठोपाठ आणखी दोन, मिठाईवाल्याचं आणि कोचिंग क्लासचं, गेली. आता एका ओळखीच्याने सांगितलंय की अँटी-डिटेक्ट ब्राउझर घ्या, प्रत्येक क्लायंटला वेगळी प्रॉक्सी (इंटरनेटचा पत्ता वेगळा दाखवणारा मधला सर्व्हर) लावा, आणि भाड्याने मिळणारी ‘जुनी, वॉर्म-अप केलेली’, म्हणजे आधी थोडी वापरून भरवशाची दिसतील अशी केलेली, खाती वापरा. हे करावं का, आणि नसेल तर चौदा खाती सुरक्षित कशी सांभाळायची, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: यातलं काहीही करू नका. दुसऱ्या भागाला वेळ लागेल.

मुळात अनेक ॲड अकाउंट्स सांभाळणं हा गुन्हा नाही. एजन्सींनी तेच करावं म्हणून मेटाने बिझनेस पोर्टफोलिओ बनवलाय, म्हणजे धंद्याची पेजेस, ॲड अकाउंट्स आणि माणसं एका जागी सांभाळायची सोय; आपण सगळे अजून त्याला जुन्या सवयीने बिझनेस मॅनेजर म्हणतो. गुगलकडे यासाठी मॅनेजर अकाउंट आहे, ज्याला या धंद्यात सगळे एमसीसी म्हणतात. नियम मोडतात ते वेगळ्या ठिकाणी. एका माणसाने दोन-तीन वैयक्तिक फेसबुक अकाउंट्स काढणं चालत नाही. स्वतःचं लॉगिन दुसऱ्याला वापरायला देणं, खाती विकणं किंवा भाड्याने देणं चालत नाही. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे, एका खात्यावर निर्बंध आला म्हणून त्याच जाहिराती चालवायला दुसरं खातं उघडणं. यंत्रणेला बगल देण्याबद्दलचा नियम मेटा आणि गुगल दोघांकडे आहे. गुगल तर त्याला अतिगंभीर उल्लंघनांत मोजतं, म्हणजे आधी ताकीद न देता थेट निलंबन होतं आणि त्या खात्याशी जोडलेली इतर खातीही जाऊ शकतात. तुमच्या ओळखीच्याने सुचवलेला मार्ग नेमका या नियमाच्या तोंडात जातो.

त्या ब्राउझरबद्दल थोडं बोलू, कारण ‘सगळे वापरतात’ असं तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं जाईल. संकेतस्थळाला तुमच्या यंत्राची ओळख पटते ती स्क्रीनचा आकार, बसवलेले फॉन्ट, टाइम झोन, ग्राफिक्स चित्र कसं काढतं अशा बारीकसारीक गोष्टींवरून. अँटी-डिटेक्ट ब्राउझर त्या सगळ्या गोष्टी खोट्या दाखवतो, म्हणजे एकाच लॅपटॉपवरची चौदा खाती चौदा वेगळ्या लॅपटॉपवरची वाटतात. पण जाहिरात खात्यांचं एकमेकांशी नातं फक्त यंत्रावरून कळत नाही. तेच कार्ड, तोच जीएसटी क्रमांक, तोच मोबाइल नंबर, तीच वेबसाइट, तोच पिक्सेल (वेबसाइटवर कोण आलं ते मेटाला कळवणारा कोडचा तुकडा), तेच पेज, तेच फोटो, तोच मजकूर. हे सगळं खरंच ठेवावं लागतं, कारण धंदा खरा आहे. मग लपतं काय? लपवण्याचा प्रयत्न तेवढा नोंदला जातो. शिवाय ज्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही चौदा क्लायंटची चालू लॉगिन ठेवता, त्याच्या सर्व्हरवर तुमच्या सेशन कुकीज (लॉगिन चालू ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदी) जाऊ शकतात. पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न देता खात्यात शिरायला त्या कुकीज पुरतात.

भाड्याच्या खात्याचं तर आणखी वाईट. ते कोणाच्या नावावर आहे ते तुम्हाला माहीत नसतं. मूळ मालक ते कधीही परत घेऊ शकतो. बिल तुमच्या क्लायंटच्या नावावर येत नाही. त्यावर चाललेल्या जाहिरातींतून मेटाच्या यंत्रणेचं जे शिकणं झालं, जे ऑडियन्स (जाहिरात दाखवायचे लोकांचे गट) तयार झाले, ते क्लायंटचे कधीच होत नाहीत.

वेगवेगळं काम वेगळं ठेवायला क्रोमची साधी प्रोफाइल्स पुरेशी आहेत. एजन्सीचं काम एका प्रोफाइलमध्ये, घरचं दुसऱ्यात. त्यात लपवाछपवी काही नाही.

आता तुमच्याकडे एका क्लिनिकपायी बाकीची दोन का गेली ते बघू. मेटाच्या निर्बंधाच्या चार पातळ्या असतात: ॲड अकाउंट, पेज, बिझनेस पोर्टफोलिओ, आणि जाहिरात चालवणाऱ्या माणसाचं वैयक्तिक प्रोफाइल. बहुतेक जण ‘खातं बंद झालं’ एवढंच म्हणतात आणि कोणती पातळी ते बघतच नाहीत. पण नेमकं तिथेच सगळं ठरतं. माणसाच्या प्रोफाइलवर किंवा एजन्सीच्या पोर्टफोलिओवर निर्बंध आला, की ज्या-ज्या खात्यांना त्यांचा आधार आहे त्या सगळ्यांना झळ बसते. तुमच्याकडे सगळी चौदा खाती एका आयडीवर, एका पोर्टफोलिओत आणि एका कार्डावर आहेत. म्हणजे एका डॉक्टरच्या जाहिरातीतल्या एका वाक्याची किंमत मिठाईवाल्याने आणि कोचिंग क्लासने मोजली.

म्हणून मी सगळ्यात जास्त आग्रह ज्या गोष्टीचा धरते ती ही: प्रत्येक खातं त्याच्या खऱ्या मालकाच्या नावावर असावं, आणि तुम्ही तिथे तुमच्या खऱ्या नावाने, पाहुणे म्हणून असावं.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. क्लायंट स्वतःच्या फेसबुक आयडीवरून स्वतःच्या धंद्याच्या नावाने पोर्टफोलिओ उघडतो. त्यात त्याचं पेज, इन्स्टाग्राम, ॲड अकाउंट, पिक्सेल आणि असेल तर कॅटलॉग व व्हॉट्सॲप खातं येतं. तुमच्या एजन्सीचा स्वतःचा पोर्टफोलिओ वेगळा. तुम्ही त्याला तुमचा बिझनेस आयडी देता, तो ‘पार्टनर’ म्हणून तुम्हाला त्याची खाती शेअर करतो. मग तुमच्या पोर्टफोलिओतून तुम्ही तुमच्या दोन सहकाऱ्यांना ज्याला जे लागेल तेवढंच देता. जो फक्त रिपोर्ट काढतो त्याला फक्त बघण्याचा अधिकार. जो कॅम्पेन चालवतो त्याला कॅम्पेनचा. पूर्ण नियंत्रण क्लायंटकडे दोघांना, म्हणजे एकाचा फोन हरवला किंवा प्रोफाइल अडकलं तरी दार बंद होत नाही. नवरा-बायको मिळून दुकान चालवत असतील तर ते दोघे, भागीदारी असेल तर दोन भागीदार.

नव्या पोर्टफोलिओला सुरुवातीला मोजकीच ॲड अकाउंट्स उघडता येतात, खर्च आणि वेळेवर भरणा होत गेला की मर्यादा वाढते. प्रत्येक क्लायंटचा पोर्टफोलिओ वेगळा असला की ही अडचण आपोआप सुटते, कारण त्याला बहुधा एकच खातं लागतं.

एका क्लायंटला उगाच तीन-चार ॲड अकाउंट्स देऊ नका, हेही सांगते. ‘एक बंद पडलं तर दुसरं हाताशी’ या विचाराने लोक तसं करतात. खर्च विखुरला की शिकणंही विखुरतं. मेटाला एका ॲड सेटसाठी (एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटासाठी) आठवड्याला साधारण ५० रूपांतरं, म्हणजे खरेदी किंवा चौकशीसारखे निकाल, मिळाली तर लर्निंग फेज, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची ते शिकण्याचा काळ, संपते. छोट्या दुकानाचं बजेट चार खात्यांत वाटलं तर चारही अर्धवट राहतात. वेगळं खातं खरोखर लागतं ते चलन वेगळं असेल, बिल वेगळ्या कंपनीच्या नावे हवं असेल, किंवा धंदाच वेगळा असेल तेव्हा.

आता तुमच्यासमोरची खरी अडचण. एजन्सीच्या पोर्टफोलिओत तयार झालेलं ॲड अकाउंट तिथून उचलून क्लायंटच्या पोर्टफोलिओत नेता येत नाही, ते कायमचं तिथलंच असतं. पेज मात्र नेता येतं. त्यामुळे जी अकरा खाती आज धडधाकट चालू आहेत त्यांच्याबाबतीत असं करा: क्लायंटचा पोर्टफोलिओ उघडून घ्या, पेज तिकडे जाऊ द्या, नवं ॲड अकाउंट आणि नवा पिक्सेल त्याच्या नावाने तयार करा. वेबसाइटवर जुना आणि नवा पिक्सेल काही आठवडे सोबत चालू द्या, म्हणजे नव्याला माहिती साठवता येईल. पेज आणि इन्स्टाग्रामवर प्रतिसाद दिलेल्यांचे ऑडियन्स नव्या खात्यात पुन्हा बनवता येतात, कारण ते पेजशी जोडलेले असतात. मग हळूहळू बजेट तिकडे वळवा. अकराही एका दिवशी हलवू नका. आठवड्याला दोन-तीन करा आणि ज्यांचा हंगाम तोंडावर आहे त्यांना शेवटी घ्या.

बंद झालेल्या तीन खात्यांना मात्र हा उपाय लावू नका. निर्बंध आलेला असताना नवं खातं उघडलं, तर हेतू कितीही चांगला असो, यंत्रणेला ते बगल देणंच दिसेल. तिथे आधी रिव्ह्यू (मेटाकडे फेरतपासणीची मागणी), निकाल लागल्यावर पुढचं.

रिव्ह्यू मागायची जागा म्हणजे बिझनेस सपोर्ट होम. तिथे कोणत्या पातळीवर काय अडलंय, कोणता नियम दाखवलाय, हे लिहिलेलं असतं. ते नीट वाचा आणि मागणी करण्याआधी कारण दुरुस्त करा. क्लिनिकची जाहिरात काढून टाकली पण वेबसाइटवर ‘आठ दिवसांत मधुमेह मुळापासून बरा’ तसंच राहिलं तर रिव्ह्यू फुकट जातो. मेटा जाहिरात जिथे नेते ते पानही तपासतं. ओळखपत्र मागितलं तर खऱ्या माणसाचं, प्रोफाइलवरच्या नावाशी जुळणारं द्या. धंद्याची कागदपत्रं मागितली तर उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी किंवा गुमास्ता परवाना चालतो, पण पोर्टफोलिओत लिहिलेलं नाव आणि पत्ता कागदावरच्याशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. ‘श्री’ लावलेलं आणि न लावलेलं, ‘ॲण्ड सन्स’ आणि नुसतं आडनाव, अशा फरकांवरून पडताळणी अडकलेली मी खूपदा पाहिली आहे. विनंती एकदाच, नीट लिहून करा. रोज नवी विनंती टाकून काही लवकर होत नाही.

आयुर्वेदिक क्लिनिकच्या जाहिरातीविषयी वेगळं लिहायलाच हवं, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या एजन्सींकडे असा एखादा क्लायंट असतोच. मेटाचा नियम असा आहे की जाहिरातीने वाचणाऱ्याची वैयक्तिक स्थिती माहीत असल्यासारखं बोलू नये. ‘तुम्ही मधुमेहाने त्रस्त आहात का?’ हे अडतं. ‘मधुमेहींसाठी आहाराचा सल्ला, वैद्यांसोबत’ याला हरकत नसते. वजन कमी झाल्याचे आधीचे-नंतरचे फोटो अडतात. आणि हे फक्त मेटापुरतं नाही. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे, त्याच्या परिशिष्टात ५४ रोग-विकार आहेत आणि मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा हे सगळे त्यात आहेत. ते औषधाने बरे करतो अशी जाहिरात करणं हा कायद्याने गुन्हा आहे. डॉक्टरसाहेबांना हे तुम्हीच बसून सांगायला हवं. ‘बाकीचे करतात’ हे त्यांचं उत्तर असेल. तरीही तुम्ही ती जाहिरात लावू नका. ते ऐकत नसतील तर तो क्लायंट सोडलेला बरा, कारण त्यांच्यासोबत बाकीच्या तेरा जणांचा धंदा पणाला लागतो.

असेच आणखी काही धंदे आहेत जिथे प्लॅटफॉर्मच्या आधी कायदा बघावा लागतो. बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना पुण्यातला फ्लॅट विकायचा असेल, तर ती जाहिरात अमेरिकेत दिसणार म्हणून ‘गृहनिर्माण’ हा मेटाचा विशेष जाहिरात प्रवर्ग जाहीर करावा लागतो. तो निवडला की वय, लिंग, पिनकोड यांवरून लोक निवडण्याची मुभा आकसते. न निवडता चालवली तर खातं अडकतं. शेअर आणि गुंतवणुकीच्या सल्ल्याच्या जाहिरातींना मेटावर २०२५ पासून सेबीच्या नोंदणीची पडताळणी लागते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर त्याच वर्षीच्या कायद्याने बंदी आली आहे, त्यामुळे कोणी कितीही फी देऊ करो, ते काम घेऊ नका.

राजकीय जाहिराती थोडक्यात. निवडणूक आली की तुमच्याकडे इच्छुक येतीलच. मेटावर त्यासाठी जाहिरात चालवणाऱ्याची ओळख पडताळून घ्यावी लागते आणि जाहिरातीवर खर्च कोणी केला ते लिहावं लागतं. अशी जाहिरात ॲड लायब्ररीत, म्हणजे मेटाच्या सगळ्यांना खुल्या जाहिरात-संग्रहात, सात वर्षं राहते. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमंजुरीही लागते. हे काम घ्यायचंच असेल तर उमेदवाराच्या स्वतःच्या पोर्टफोलिओतून. मिठाईवाल्याच्या खात्यातून कधीच नाही.

आता पैशाकडे येते, कारण माझ्या अनुभवात जितकी खाती मजकुरामुळे अडतात तितकीच भरण्यामुळे अडतात. चौदा खाती एका कार्डावर असली की एक भरणा फसला तर बाकीच्यांकडेही संशयाने पाहिलं जातं. आणि तुमच्या कार्डाची मर्यादा नेमकी दिवाळीत संपते. प्रत्येक क्लायंटने स्वतःच्या खात्यात स्वतःचा भरणा लावावा. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून ठराविक रकमेपुढचा आपोआप होणारा कार्ड-भरणा दरवेळी ओटीपीशिवाय पुढे जात नाही. ती मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. तेव्हापासून खूप जणांची खाती ‘पेमेंट फेल’ म्हणून थांबू लागली. छोट्या क्लायंटला त्यामुळे यूपीआयने आगाऊ पैसे टाकण्याची पद्धत सोयीची पडते. शिल्लक संपली की जाहिरात थांबते, थकबाकी राहत नाही.

जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो. ॲड अकाउंटमध्ये ज्याचा जीएसटी क्रमांक असेल त्याच्या नावाने बिल येतं आणि इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) त्यालाच मिळतं. एजन्सीचा क्रमांक टाकून ठेवला असेल तर क्लायंटचे सीए वर्षाअखेरीस तुम्हालाच फोन करणार. क्लायंटचं खातं, क्लायंटचं कार्ड, क्लायंटचा जीएसटी क्रमांक, आणि तुमची फी वेगळ्या बिलाने: हिशेब असा सुटसुटीत राहतो.

बँकेकडे जाऊन मेटाचा भरणा ‘मी केलाच नाही’ म्हणून उलटवू नका, रक्कम चुकीची वाटली तरी. तो वाद आधी मेटाच्या बिलिंगकडे मांडा. उलटवलेल्या भरण्यावर खातं बंद होतं आणि ते परत उघडणं जिकिरीचं असतं.

खर्चाचा वेगही हळूहळू वाढवावा. देवगड-रत्नागिरीच्या आंबेवाल्यांचं उदाहरण घ्या. वर्षभर खातं गप्प, आणि मार्चच्या अखेरीस एकदम दिवसाला दहा हजार. नव्या किंवा झोपलेल्या खात्यावर असा उसळलेला खर्च चोरीच्या कार्डासारखा दिसतो आणि भरणा तपासणीसाठी थांबतो. पेटी पिकत असते आणि जाहिरात बंद. जानेवारीपासून रोज दोन-तीनशे रुपयांची एखादी आगाऊ नोंदणीची जाहिरात चालू ठेवली, तर मार्चमध्ये खात्याला चांगला इतिहास असतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा दुसरीकडचा आंबा देवगड म्हणून विकणाऱ्याची जाहिरात घेऊ नये, हेही याच ओघात सांगते. ग्राहकांच्या तक्रारी पेजवर साचतात आणि त्याचा फटका जाहिरातीला बसतो.

प्रत्येक ॲड अकाउंटला खर्चाची एकूण मर्यादा लावा. हे फुकट आहे आणि खातं चोरांच्या हाती गेलं तर नुकसान तिथेच थांबतं.

चोरीचा धोका खरा आहे, आणि तो तुमच्यासारख्या लोकांवरच रोखलेला आहे. विथसिक्युअर या फिनलंडच्या सुरक्षा कंपनीने जुलै २०२२ मध्ये ‘डकटेल’ नावाच्या मालवेअरची माहिती प्रसिद्ध केली. त्यामागे व्हिएतनाममधला गट होता आणि त्यांची पद्धत अशी होती की लिंक्डइनवर डिजिटल मार्केटिंगवाले शोधायचे, त्यांना प्रकल्पाची माहिती म्हणून झिप फाइल पाठवायची. फाइल उघडली की ब्राउझरमधल्या कुकीज जातात, आणि चोर स्वतःचा ईमेल फेसबुक बिझनेसमध्ये प्रशासक म्हणून घालून घेतो. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड) असूनही हे घडतं, कारण चालू सेशनच चोरलेलं असतं. २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या नावाने आलेल्या बनावट क्रोम एक्स्टेन्शननेही हेच केलं. तेव्हा ज्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये ॲड्स मॅनेजर उघडता तिथे एक्स्टेन्शन जवळजवळ नकोतच. नव्या क्लायंटने ‘ब्रीफ’ म्हणून पाठवलेली झिप तिथे उघडू नका. गुगल ड्राइव्हवर टाकायला सांगा आणि तिथेच ब्राउझरमध्ये बघा. ‘मेटा सपोर्ट’ म्हणून पेजच्या इनबॉक्समध्ये येणारे ‘तुमचं पेज २४ तासांत बंद होईल’ हे मेसेज खोटे असतात. खरी सूचना बिझनेस सपोर्ट होममध्ये दिसते.

टू-फॅक्टर पोर्टफोलिओतल्या प्रत्येकासाठी सक्तीचं करता येतं, ते आजच करा. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं. रिकव्हरी कोड कागदावर लिहून क्लायंटच्या कपाटात ठेवायला सांगा. आणि क्लायंटने व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवला तर तो वापरू नका, त्याला लगेच बदलायला लावा आणि पार्टनर ॲक्सेस कसा द्यायचा ते फोनवर शेजारी बसल्यासारखं समजावून सांगा. दहा मिनिटं लागतात.

नोकरी सोडून जाणाऱ्याचा ॲक्सेस त्याच संध्याकाळी काढा, संबंध कितीही चांगले असोत. महिन्यातून एकदा प्रत्येक पोर्टफोलिओतली माणसं आणि पार्टनर यांची यादी डोळ्यांखालून घाला. अनोळखी ईमेल दिसला तर आधी त्याला काढा, सगळी सेशन बंद करा, जाहिराती थांबवा, बँकेला सांगून कार्ड थांबवा, मग मेटाकडे तक्रार करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. ॲड लायब्ररीत क्लायंटचं पेज शोधलं की त्या नावाने सध्या कोणत्या जाहिराती चालू आहेत ते कोणालाही दिसतं. चोराने लावलेली जाहिरात सापडायला हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

एक गोष्ट लोक नियमभंग मानतच नाहीत: एका क्लायंटची ग्राहकांची यादी दुसऱ्याच्या खात्यात अपलोड करणं. लातूरच्या एका क्लासच्या पालकांचे नंबर सोलापूरच्या क्लाससाठी वापरायचे, ‘तसंही माझ्याकडेच आहेत’ म्हणून. ते नंबर तुमचे नाहीत. लोकांनी ते एका ठरावीक कामासाठी दिलेले असतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नेमकं हेच धरतो. त्याच कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे, त्यामुळे क्लासच्या जाहिराती पालकांना उद्देशून लिहा. प्रत्येक क्लायंटची यादी त्याच्याच खात्यात राहू द्या, तुमच्या लॅपटॉपवर तिची प्रत नको.

गुगल आणि यूट्यूबच्या जाहिरातींसाठी रचना हीच: क्लायंटचं स्वतःचं खातं, दहा अंकी कस्टमर आयडीने तुमच्या एमसीसीला जोडलेलं. एका ईमेलवर जास्तीत जास्त २० गुगल ॲड्स खाती थेट उघडता येतात, एमसीसीमुळे ती अडचण राहत नाही. जाहिरातदाराची पडताळणी क्लायंटच्या नावाने करा, तुमच्या नव्हे. लिंक्डइनवर प्रत्येकाने आपल्या खऱ्या प्रोफाइलनेच कॅम्पेन मॅनेजरमध्ये यावं. तिथेही बघणारा, कॅम्पेन चालवणारा, बिल भरणारा असे वेगळे अधिकार आहेत.

या सगळ्याची एक शीट ठेवा. प्रत्येक खात्याचा आयडी, मालक कोण, पूर्ण नियंत्रण कोणाकडे, भरणा कोणाचा, जीएसटी क्रमांक कोणाचा, तुमच्याकडून कोणाला ॲक्सेस आणि कधी दिला. पासवर्ड त्यात एकही नको.

क्लायंट म्हणतील, ‘ताई, आम्हाला त्यातलं काही कळत नाही, तुमच्याच नावावर राहू द्या.’ प्रेमाने म्हणतात, तरी मान्य करू नका. करारात दोन ओळी घाला: सर्व खाती आणि त्यातली माहिती ग्राहकाच्या मालकीची आहे, आणि काम संपल्यावर सात दिवसांत एजन्सी आपला ॲक्सेस काढून घेईल. ‘मग तो आम्हाला सोडून जाईल’ अशी भीती तुमच्या मनात येईल. खातं अडकवून ठेवून थांबवलेला क्लायंट पैसे उशिरा देतो आणि गावभर बोलतो. ज्याच्या हातात त्याचं खातं आहे आणि तरी जो थांबलाय, त्याच्याकडे दर वाढवून मागता येतो.

या आठवड्यात एवढंच करा: आज टू-फॅक्टर आणि खर्चाची मर्यादा. उद्या क्लिनिकची वेबसाइट डॉक्टरांसोबत बसून दुरुस्त करणं. परवा तिन्ही खात्यांचे रिव्ह्यू, कागदपत्रांसह. पुढच्या सोमवारपासून ज्यांचा हंगाम नाही असे दोन क्लायंट निवडून त्यांचे पोर्टफोलिओ उघडायला घ्या. रिव्ह्यूचं उत्तर आलं की कोणत्या पातळीवरचा निर्बंध होता ते इथे लिहा, मग पुढचं बघू.